चेहऱ्यावरची मऊ चकाकी: कोकणच्या उजेडात सॉफ्ट फोकस पोर्ट्रेट

नव्याने कॅमेरा हातात घेतलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. जुन्या स्टुडिओ फोटोंत नवरीच्या चेहऱ्याभोवती जो मऊ, झिरपणारा उजेड दिसतो, तो आणायचा कसा? त्यावर ‘फोकस थोडा हलव की झालं’ असं सांगणारा एक तरी शहाणा जवळपास असतोच. त्याचं ऐकू नका. फोकस हलला की डोळे जातात, आणि डोळे गेले की पोर्ट्रेटमध्ये बघण्यासारखं फारसं उरत नाही.

या मऊपणाला सॉफ्ट फोकस म्हणतात. अशा फोटोत एकावर एक दोन प्रतिमा असतात. खालची धारदार, पापणीचा केस न् केस दाखवणारी. तिच्यावर तीच प्रतिमा पुन्हा, पण पसरलेली आणि फिकट. त्यामुळे चेहरा स्पष्टही दिसतो आणि त्याच्या उजळ कडांतून उजेड सांडतोय असंही वाटतं. मोतीबिंदू पिकत आलेल्या माणसाला रात्री रस्त्यावरच्या दिव्याभोवती वलय दिसतं, ते याच जातीचं. भिंग काही प्रकाश सरळ आत सोडतं आणि काही आजूबाजूला विखुरतं.

लेन्समध्ये हे घडवण्याचा मूळ मार्ग म्हणजे स्फेरिकल अ‍ॅबरेशन. साध्या भिंगाच्या मधल्या भागातून येणारे किरण एका ठिकाणी जुळतात, कडेचे किरण थोडे अलीकडे. मधल्या किरणांची धारदार प्रतिमा होते, कडेच्या किरणांचं तिच्यावरचं वलय. लेन्स बनवणारे हा दोष घालवायला धडपडतात; पोर्ट्रेटवाल्यांनी तो हौसेने ठेवून घेतला. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरून यांनी १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये अशी धूसर पोर्ट्रेटं काढली, तेव्हा तिथल्या फोटोग्राफर मंडळींनी नाकं मुरडली होती. पुढे रोडेनश्टॉक या जर्मन कंपनीने इमॅगॉन नावाची खास लेन्स काढली; तिला भोकाभोकांच्या चकत्या लावून कडेचे किती किरण आत घ्यायचे ते ठरवता येई. कॅननने १९८७ साली १३५ मिलिमीटर एफ/२.८ सॉफ्टफोकस आणली. तिच्या रिंगवर मऊपणाच्या दोन पायऱ्या आहेत, पण अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक; आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/५.६च्या आसपास आणलं की परिणाम जवळजवळ संपतो, कारण कडेचे किरणच अडतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या लेन्स शोधत बसायची गरज नाही. घरातल्या कॅमेऱ्यावर, साध्या ५० मिलिमीटरच्या लेन्सवर हे काम होतं. फक्त क्रम नीट पाळायचा.

पहिली पायरी: फिल्टर पिशवीतच राहू द्या

डिफ्यूजन फिल्टर (लेन्सपुढे लावायची, उजेड पसरवणारी काच) आणायचा, भर दुपारी किनाऱ्यावर मैत्रिणीला उभं करायचं आणि फोटो पांढुरका आला म्हणून फिल्टरला नावं ठेवायची, हे सर्रास चालतं. बिचाऱ्या फिल्टरचा त्यात काही दोष नसतो. तो नवा उजेड तयार करत नाही. चौकटीतल्या उजळ भागांतला थोडा प्रकाश उचलून शेजारच्या गडद भागावर टाकतो, इतकंच. दुपारच्या किनाऱ्यावर वाळू उजळ, पाणी उजळ, आभाळ उजळ. सांडलेला उजेड दिसायला गडद जागाच उरत नाही.

म्हणून फिल्टर न लावता आधी जागा बघा. इथे उजळ काय आहे, आणि त्याच्या मागे किंवा शेजारी गडद काय आहे? दोन्हींची उत्तरं मिळाली तर थांबा. एकाचंच मिळालं तर पुढे चला. बाकी सगळं तंत्र या एका गोष्टीवर उभं आहे, त्यामुळे जागेबद्दल जरा सविस्तर लिहितो.

कोकणात सगळ्यात सोपी जागा म्हणजे पडवी. माणसाला पडवीच्या कडेला, अंगणाकडे तोंड करून बसवा. अंगणातला उजेड चेहऱ्यावर मऊ येतो, डोळ्यांत अंगणाचा पांढरा ठिपका पडतो, आणि मागे ओटीच्या दाराचा काळोख आयता मिळतो. माणूस जितका कडेला तितका चेहरा उजळ. हातभर आत सरकवलं तरी उजेड लक्षात येण्याइतका कमी होतो. समोर तुळशीवृंदावन असेल तर उत्तमच. ‘आजी, माझ्याकडे नको, तुळशीकडे बघा हां जरा,’ एवढं म्हटलं की मान योग्य कोनात वळते आणि कॅमेऱ्यासमोर येणारा ताठपणाही जातो. चिऱ्याची भिंत जवळ असेल तर तिच्यावरून परतणारा उजेड तांबूस असतो. सावळ्या त्वचेवर तो छान दिसतो, घालवू नका.

नारळ-पोफळीची वाडी फोटोत सुंदर दिसते, पण तिथे एक भानगड आहे. पानांतून गाळून आलेला आणि खालच्या हिरवळीवरून उसळलेला उजेड हिरवा असतो. डोळ्यांना तो जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतो. हनुवटीखाली, मानेवर हिरवट छटा येते आणि सॉफ्ट फिल्टर लावला की तीच छटा गालांवर पसरते. उपाय साधा आहे. माणसाच्या पुढ्यात, चौकटीबाहेर, पांढरा पंचा किंवा चादर अंथरा. खालून येणारा हिरवा उजेड अडतो आणि त्या जागी पांढरा येतो. शिवाय वाडीत ऊन कवडशांनी पडतं. एक कवडसा नाकावर आणि एक कानावर असा चेहरा चालत नाही. कवडसा फक्त केसांवर किंवा खांद्यावर पडेल अशी जागा शोधा, चेहरा पूर्ण सावलीत ठेवा.

सुरूचं बन हे माझं सर्वांत आवडतं ठिकाण. गुहागरला किनाऱ्यालगत सुरूंची रांग आहे, तशी इतरही अनेक गावांत आहे. दुपारी चारनंतर सूर्य समुद्राच्या बाजूला उतरतो. माणसाची पाठ समुद्राकडे, तुम्ही जमिनीच्या बाजूला. ऊन मागून केसांत शिरतं. पण मागे नुसतं चकाकणारं पाणी येऊ देऊ नका. दोन पावलं डावीउजवीकडे सरकून डोक्यामागे सुरूचं खोड किंवा झाडांची गर्द रांग आणा. उजळलेले केस आणि त्यामागचा काळपट हिरवा, इथे फिल्टर खरं काम करतो.

उघड्या किनाऱ्यावर संध्याकाळी काढायचंच असेल तर सूर्य डोक्याच्या किंवा माडाच्या खोडाच्या आड लपवा. सूर्य थेट चौकटीत आला आणि वर फिल्टर असला, की अख्खा फोटो धुऊन निघतो. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, मे-जूनमध्ये सातच्या पुढे. शेवटचा तासभर आपला. सकाळचं मात्र वेगळं. आपल्याकडे सूर्य डोंगरामागून, सड्यामागून वर येतो. किनारा डोंगराच्या पायथ्याशी असेल तर तिथे ऊन बरंच उशिरा पोचतं. तोवर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर सावलीतला एकसारखा उजेड असतो. तो मऊ असतो, पण त्यात चकाकी नसते, कारण उजळ कडाच नसतात. तिथे फिल्टर लावून काही मिळत नाही.

पावसाळ्याचंही तेच. ढगांतून येणारा उजेड चेहऱ्याला चांगला, पण चकाकीला उपाशी ठेवणारा. अशा दिवसांत घरात जा.

घरात जा म्हणजे कुठे, तर माजघरात. जुन्या कौलारू घरांत मध्येच एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं. पाऊस उघडला आणि ऊन पडलं की साडेअकरा ते एकच्या दरम्यान त्यातून उन्हाचा पट्टा खाली येतो आणि सारवलेल्या जमिनीवर एक लख्ख चौकोन पडतो. त्या चौकोनात माणसाला बसवायचा मोह होईल. बसवू नका, डोळ्यांच्या जागी काळ्या खाचा दिसतील. चौकोनावर धुतलेला पांढरा पंचा पसरा आणि माणसाला त्याच्यापलीकडे, गुडघा पंच्याला लागेल इतकं जवळ बसवा. आता ऊन पंच्यावर पडून खालून, समोरून चेहऱ्यावर येतं. हनुवटी, नाकाची पाळी, नथीचे मोती उजळतात आणि मागचं माजघर काळं राहतं. पंचा अगदी समोर असेल तर खालचा उजेड जरा भुताटकीचा वाटतो. तो एका बाजूला सरकवा, म्हणजे एक गाल उजळ आणि दुसरा मंद राहील. चौकोन दर काही मिनिटांनी सरकत असतो, पंचाही त्याच्यामागे सरकवत राहा.

शेजारी चूल पेटलेली असेल तर आणखी मजा. धूर त्या पट्ट्यात शिरला की पट्टाच दिसू लागतो. धूर समोरून उजळला तर फारसा दिसत नाही. प्रकाश धुराच्या मागे आणि तुम्ही पुढे असाल तेव्हा तो उठून येतो, कारण धुराचे कण बराचसा प्रकाश पुढच्या दिशेनेच विखुरतात. म्हणून उन्हाचा पट्टा माणसाच्या मागे येईल असं बसा. आणि फोटोसाठी कुणाला धुरात तासभर बसवू नका. दोन-चार फोटो झाले की दार उघडा.

दुसरी पायरी: लेन्सपुढे काय धरायचं

खर्च न करता सुरुवात करायची तर कापड-चपलांच्या दुकानात मिळणारे बायकांचे पातळ नायलॉनचे मोजे आणा, एक काळा आणि एक स्किन कलरचा. मोजा कापून एकेरी थर घ्या, लेन्सच्या तोंडावर ताणून बसवा आणि रबर बँडने पक्का करा. जितका ताणाल तितकी वीण मोकळी होते आणि परिणाम सौम्य होतो. काळ्या मोज्याने फोटोतले काळे भाग बऱ्यापैकी काळे राहतात. स्किन कलरच्या मोज्यावर पडलेलं ऊन तो मोजाच लेन्समध्ये विखुरतो, त्यामुळे फोटो फिका आणि उबदार होतो. पडवीतल्या सावलीत स्किन कलरचा चालतो. पाठीमागून ऊन असेल तर काळाच घ्या.

परिणाम जास्त वाटला तर मोज्याला मधोमध भोक पाडतात. ताणलेल्या मोज्याला पेटती उदबत्ती हलकेच टेकवा, नायलॉन वितळून गोल भोक पडतं, कडा उसवत नाहीत. हे लेन्सवर बसवण्याआधी, एखाद्या वाटीवर ताणून करा, हे वेगळं सांगायला नको. पण सांगितलेलं बरं.

व्हॅसलीनचा उपाय बहुतेकांनी ऐकलेला असतो. लेन्सच्या काचेवर ते कधीही लावायचं नाही. स्वस्तातला यूव्ही फिल्टर (साधी पारदर्शक काच) घ्या, त्यावर बोटाच्या टोकाने अगदी पुसट थर द्या, मधे नखाएवढी जागा मोकळी ठेवा. बोट ज्या दिशेने फिरवाल त्याच्या आडव्या दिशेने उजेड ओघळतो. वरून खाली फिरवलं तर उजळ ठिपक्यांना डावी-उजवीकडे शेपट्या फुटतात. हा व्हॅसलीनचा खरा फायदा आहे, उजेड कुणीकडे वाहायचा ते तुम्ही ठरवता. तोटा असा की एकदा पुसलं की तसाच थर पुन्हा जमत नाही. आणि किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर उडणारी वाळू त्या थराला चिकटते, म्हणून हा उद्योग घरातच.

मधल्या मोकळ्या जागेबद्दल एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं, फोटोचा मध्य स्वच्छ राहील आणि कडा धूसर होतील. रुंद कोनाच्या लेन्सवर, लहान अ‍ॅपर्चरला तसं होतं. पण ८५ मिलिमीटरवर, एफ/२ला, चौकटीतल्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश फिल्टरच्या बऱ्याच मोठ्या भागातून आत येतो. मोकळ्या जागेतून आलेला भाग धारदार प्रतिमा देतो आणि थरातून आलेला वलय, तेही सगळ्या फोटोभर. म्हणजे भोक लहान-मोठं करून तुम्ही जागा बदलत नाही, मऊपणाचं प्रमाण बदलता.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर मिस्ट जातीचा एक फिल्टर घ्या. टिफनचा ब्लॅक प्रो-मिस्ट सर्वांना माहीत असतो, आणि त्याच धर्तीचे ‘ब्लॅक मिस्ट’ फिल्टर इतर कंपन्यांचे कमी किमतीत मिळतात. त्याच्या काचेत बारीक कण असतात, त्यांतल्या काळ्या कणांमुळे गडद भाग फार उजळत नाहीत. जोर १/८, १/४, १/२, १ असा चढत जातो. नवख्याने १/४ घ्यावा. १ नंबर पाहताक्षणी आवडतो आणि काही दिवसांत नकोसा होतो. झाइसच्या सॉफ्टारवर कणांऐवजी छोटे भिंगासारखे उंचवटे असतात, त्याचं वलय जास्त ठळक येतं. जुन्या लग्नाच्या अल्बमांतली ती खास चमक अशाच फिल्टरांची.

कुठलाही फिल्टर घेताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. लेन्स जितकी लांब तितका त्याचा परिणाम वाढतो. ३५ मिलिमीटरवर जेमतेम जाणवणारा १/४ हा १३५ मिलिमीटरवर भरपूर होतो. लांब लेन्सने काढणार असाल तर १/८ पुरतो.

जुन्या मॅन्युअल लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून वापरणाऱ्यांना वेगळा फिल्टर फारसा लागतच नाही. बऱ्याच जुन्या ५० मिलिमीटर एफ/१.४ लेन्स पूर्ण उघड्या ठेवल्या की आपोआप मऊ होतात. आजकाल लेन्सबेबी वेल्व्हेट ५६ सारख्या लेन्स मुद्दाम तशाच बनवतात.

तिसरी पायरी: कॅमेऱ्यावरची आकडेमोड

इथे फार वेळ घालवायला नको. अ‍ॅपर्चर एफ/२ ते एफ/४च्या दरम्यान. मोजा किंवा मिस्ट फिल्टर लावून एफ/११ला गेलात तर जाळीची वीण किंवा फिल्टरवरचे डाग फोटोत दिसू लागतात. लेन्सच्याच दोषावर काम करत असाल तर, वर सांगितलं तसं, अ‍ॅपर्चर लहान करताच परिणाम जातो. शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू नको. समुद्रावरचा वारा केस आणि पदर दोन्ही हलवतो. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा.

फोकस जवळच्या डोळ्यावर. १/८ किंवा १/४ मिस्टवर ऑटोफोकस आणि डोळा आपोआप शोधणारं आय-डिटेक्शन नीट चालतं. दाट व्हॅसलीन किंवा दुहेरी मोजा असेल तर कॅमेरा गोंधळतो, तेव्हा स्क्रीनवर प्रतिमा मोठी करून हाताने फोकस करा. मऊ लेन्स वापरताना ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढणार त्याच अ‍ॅपर्चरला फोकस करा. अशा लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बदललं की फोकसची जागाही थोडी सरकते.

एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा ते, चेहऱ्यावरून ठरवा. पाठीमागून ऊन असेल तर कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो आणि चेहरा काळा पडतो. स्पॉट मीटरिंग (एका ठिपक्यापुरती प्रकाशमोजणी) गालावर धरा किंवा सरळ एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, वाढवा. केसांच्या कडा जळाल्या, म्हणजे नुसत्या पांढऱ्या झाल्या, तरी चालतील. पण उजळ गाल, कपाळ आणि पांढरा शर्ट जळू देऊ नका. फिल्टरमुळे गडद भाग वर येतात, म्हणून स्क्रीनवर फोटो फिका दिसेल. घाबरू नका, तो फिकेपणा नंतर घालवता येतो. जळलेला गाल परत आणता येत नाही.

तिरपं ऊन फिल्टरच्या काचेवर पडत नाही ना, हे पाहा. हूड लावा, नाहीतर सोबतच्या माणसाला छत्री धरायला सांगा. कोकणात छत्री नसलेलं घर सापडणं कठीण, फोटोच्या सामानातही ती एक असू द्यावी.

चौथी पायरी: माणूस

घाम. याबद्दल कुठल्याही परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत. आपल्या दमट हवेत मे महिन्यात, आणि ऑक्टोबरातही, कपाळ, नाकाचा शेंडा आणि वरचा ओठ सतत चकचकतात. साध्या फोटोत तो बारीक ठिपका असतो. डिफ्यूजनमध्ये त्या ठिपक्याचा पांढरा धब्बा होतो. सुती रुमाल घेऊन टिपा, पुसू नका. पुसलं की मेकअप असेल तर ओघळतो आणि नसेल तर कातडी लाल होते. प्रत्येक चार-पाच फोटोंनंतर टिपायचं.

चकाकीला खाद्य पुरवणाऱ्या वस्तू अंगावर असू द्या, पण एक किंवा दोनच. मोत्याची नथ, जरीचा काठ, केसांतली फुलं. सिंधुदुर्गात फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगीचे वळेसर (गजरे) मिळतात. काळ्याभोर अंबाड्यावर ती फिकट पिवळी फुलं माळली आणि मागून ऊन आलं की सॉफ्ट फोकससाठी याहून चांगलं काही नाही. याउलट टिकल्या-आरशांची साडी असेल तर प्रत्येक टिकली वेगळी वलयं सोडते आणि चेहरा हरवतो. तशी साडी असेल तर फिल्टर काढून ठेवा.

आता माझं एक ठाम मत. दर्यावर आयुष्य काढलेल्या खलाशाच्या चेहऱ्यावर सॉफ्ट फोकस वापरू नका. त्या सुरकुत्या पुसण्यात काय मिळवलं? हर्णै बंदरावर लिलावाच्या वेळी टोपलीवर वाकलेल्या बाईचा फोटो मऊ करून तिच्या कामातला जोर घालवण्यातही अर्थ नाही. सॉफ्ट फोकस निवांतपणाचा असतो. केस विंचरणारी मुलगी, हळदीला बसलेली नवरी, जपमाळ ओढणारी आजी, झोपाळ्यावरचं पोर. आणि हो, बंदर असो की घर, आधी विचारा, मग कॅमेरा वर करा.

दशावतार या कोकणातल्या लोकनाट्याचा मात्र अपवाद करतो. जत्रेच्या रात्री रंगपटात स्त्रीपार्टी करणारा नट आरशासमोर बसलेला असतो, डोक्यावर एक उघडा बल्ब, मुकुटाचे बेगडी खडे, मागे मिट्ट काळोख. रंगवलेल्या चेहऱ्याला हे वलय शोभून दिसतं. १/८ मिस्ट, एफ/२, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० पर्यंत जायची तयारी. बल्ब चौकटीच्या जरा बाहेर ठेवा. नाट्य सुरू व्हायच्या आधीची त्यांची ती वेळ गडबडीची असते, तेव्हा कोपऱ्यात उभं राहा, मध्ये लुडबुड नको.

मोबाइलवर आणि घरी आल्यावर

मोबाइलच्या लेन्सपुढेही काळ्या मोज्याचा तुकडा चालतो, पण लेन्स बारीक असल्यामुळे विणीतली एखादी दोरी मधोमध आली तर परिणाम एकदम बदलतो. तुकडा थोडा थोडा सरकवत बघा. स्नॅपसीडमधलं ग्लॅमर ग्लो हे टूल झटपट कामाचं आहे. पूर्ण जोर लावू नका, तिसऱ्या हिश्शावर थांबा.

कॉम्प्युटरवर करायचं असेल तर फोटोशॉप किंवा फुकटात मिळणारं जिंप, दोन्हींत रीत एकच. लेयरची (फोटोच्या थराची) प्रत काढा, वरच्या प्रतीवर गॉसियन ब्लर द्या. २४ मेगापिक्सेलच्या फोटोला ३० पिक्सेलच्या आसपास. त्या लेयरचा मोड स्क्रीन करा आणि ओपॅसिटी २० ते ३० टक्क्यांवर आणा. फोटो फार उजळला तर स्क्रीनऐवजी सॉफ्ट लाइट. मग मास्क (ठरावीक भाग झाकणारा पडदा) लावून डोळे, भुवया आणि ओठांवरून ब्लर पुसा. शेवटी कर्व्ह्जमध्ये काळा थोडा खाली ओढा. या पद्धतीचं मूळ फोटोग्राफर मायकेल ऑर्टन यांच्या फिल्म स्लाइडच्या कामात आहे. १९८०च्या दशकात ते एक धारदार आणि एक आउट-ऑफ-फोकस स्लाइड, दोन्ही मुद्दाम जास्त एक्स्पोज केलेल्या, एकमेकींवर ठेवत. लाइटरूममध्ये क्लॅरिटी उणे १५ आणि टेक्स्चर उणे १० इथून सुरुवात करा, डोळ्यांवर वेगळा मास्क घेऊन ते परत जागेवर आणा.

हे सगळं घरी करता येतं तर फिल्टर कशाला, असं विचाराल. ऊन किंवा दिवा जिथे जळून पांढरा झाला, तिथे तो किती तेजस्वी होता हे फाइलला ठाऊकच नसतं. फिल्टर त्याचा प्रकाश सेन्सरवर पोचण्याआधीच पसरवतो, म्हणून बॅकलाइटचं आणि बल्बचं वलय त्याच्यातून खरं वाटतं. पडवीतल्या सावलीच्या फोटोंना मात्र सॉफ्टवेअर पुरतं.

छापून घेणार असाल तर मऊपणा किती ठेवायचा हे मोबाइलच्या स्क्रीनवरून ठरवू नका. मोबाइलवर योग्य वाटलेला फोटो १२ बाय १८ इंचांवर नुसता धूसर वाटू शकतो. आधी छोटी पट्टी छापून हातभर अंतरावरून बघा.

खाऱ्या हवेतून परतल्यावर

किनाऱ्यावर अर्धा तास घालवला तरी फिल्टरवर मिठाचा पुसट थर बसतो. त्यानेही फोटो थोडा मऊ होतो, पण तो ठरवून आणलेला नसतो. कोरड्या फडक्याने घासलात तर मीठ आणि वाळू काचेवर ओरखडे काढतील. आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग फिल्टर काढून गोड्या पाण्याने हलका धुवा, मायक्रोफायबरने टिपा. लेन्सच्या काचेवर फक्त लेन्स क्लीनर, तोही फडक्यावर घेऊन.

एसी गाडीतून उतरून थेट किनाऱ्यावर कॅमेरा काढला की काचेवर धुकं जमतं. त्या धुक्यातून दोन मऊ फोटो मिळतातही, काही जण मुद्दाम काढतात. पण तेच पाणी लेन्सच्या आत जमलं तर पुढे बुरशी धरते. पोचायच्या आधी बॅग बंद ठेवूनच एसी बंद करा आणि कॅमेऱ्याला बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

पावसाचे चार महिने लेन्स कातडी पाकिटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर चांगलं. छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) डब्यात टाकला की कळतं. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे त्यांनी ओल धरली. स्वयंपाकाला न लागणाऱ्या जुन्या तव्यावर, खिडकी उघडी ठेवून, मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होतात. एखाद्या जुन्या लेन्सला बुरशी लागलीच असेल आणि दुरुस्तीचा खर्च परवडणारा नसेल, तर ती सॉफ्ट फोकसला खुशाल वापरा. फक्त बाकीच्या लेन्सच्या डब्यात तिला ठेवू नका.